एकसष्ट किलो

"रोज सकाळी उठल्यावर वजन करायचं," असं डॉक्टर हिंगमिरेबाई म्हणाल्या आणि आमचे अप्पा दवाखान्याच्या खाटेवर बसल्या बसल्या हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता धाप लागली, तरी हसू थांबेना. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"मला वजन शिकवतीस व्हय, बाई?" दम आल्यावर अप्पा म्हणाले.

मग मीच खुलासा केला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे महालिंगअप्पा कोऱ्यांनी, बार्शीच्या मार्केट यार्डात एकेचाळीस वर्षं मापाड्याचं काम केलं होतं. तूर असो, ज्वारी असो, उडीद असो. पोतं काट्यावर चढायचं, अप्पा आकडा पुकारायचे आणि शेतकरी, अडत्या, खरेदीदार असे तिघंही तो निमूट मान्य करायचे. यार्डात तीन पिढ्यांची भांडणं असलेली माणसं होती, पण अप्पांच्या आकड्यावरून भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. माशाच्या पोराला पोहायला शिकवू नये म्हणतात, ते काही खोटं नाही.

दवाखान्यातल्या त्या दिवसाला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी लग्न होऊन या घरात येऊन दीड वर्षच झालं होतं. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा वीरेश वैरागला शाळेवर, सकाळी सातला जायचा आणि संध्याकाळी यायचा. त्यामुळे अप्पांची पायावरची सूज, उताणं झोपलं की कोंडणारा श्वास, जिना चढताना तीनदा थांबणं हे सगळं पहिल्यांदा माझ्याच नजरेला पडलं होतं. आठ दिवस दवाखान्यात काढल्यावर कागदावर नाव आलं ते हार्ट फेल्युअर. नाव ऐकून आम्ही दोघं घाबरलो आणि अप्पांना राग आला. अजून चालू आहे, ठोके तुम्हीच मोजता, आणि वर त्याला फेल म्हणता, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं.

हिंगमिरेबाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. तुमचं हृदय बंद पडलेलं नाही, त्या म्हणाल्या, ते यार्डातल्या म्हाताऱ्या हमालासारखं झालंय. काम करतंय, पण पूर्वीच्या जोमानं पोती उचलत नाही. मग माल दाराशी साचतो. इथे साचतं ते पाणी. आधी पायात, मग पोटात, मग छातीत. छातीत भरलं की माणूस कोरड्या जागी बुडतो. म्हणून चार गोळ्या. एक रक्ताच्या वाटा सैल करते, म्हणजे हमालाला रेटा कमी लागतो. दुसरी हमालाला सांगते, धावू नको, सावकाश चल. तिसरी साचलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढते. चौथी तिसरीला हात देते आणि हृदयालाही सांभाळते. बरं वाटलं म्हणून यातली एकही आपल्या मनानं सोडायची नाही.

अप्पांना हे फारच आवडलं. घरी येईपर्यंत त्यांनी गोळ्यांची बारशी उरकली होती. पहिली रस्ता, दुसरी मुकादम, तिसरी उपसा, चौथी जोडीदार. पुढे मी सकाळी पाणी घेऊन गेले की ते विचारायचे, मुकादम आला का कामावर?

वजनाचं मात्र त्यांनी नीट ऐकलं नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, कारण डोळ्यांना सूज दिसायच्या आधी काट्याला दिसते. मी मान डोलावत होते. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. या विषयावर दुसऱ्या कुणाकडून काही शिकावं असं त्यांच्या लेखी जगात उरलेलं नव्हतं.

घरी जाताना वजन भरलं ते एकसष्ट किलो. वीरेशनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "राजेश्वरी, अप्पांचं सगळं आता तुझ्याकडे. गोळ्या, मीठ, वजन. मी दिवसभर नसतो." मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या, तारखा घातल्या.

वीरेशनं आणलेला काटा बॅटरीवरचा होता. अप्पांनी तो उलटा करून बघितला, हलवून बघितला आणि असल्या काट्यानं कुणी तूर घेणार नाही असा शेरा मारला. तरी मागच्या पडवीत शहाबादी फरशीवर त्यांनी त्याला जागा दिली, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारून तो समतल केला. रोज सकाळी संडासला जाऊन आले की ते त्यावर उभे राहायचे आणि आधी "लाभ" म्हणायचे. यार्डात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग क्षणभर थांबून आतल्या मला ऐकू येईल असं पुकारायचे, "एकसष्ट."

पहिल्या दिवशी मी बघायला वाकले, तर त्यांनी मला तिथल्या तिथे थांबवलं. मापाडी काट्यावर असताना तिसऱ्यानं वाकून बघायचं नसतं. वाकलं याचा अर्थ मापाड्यावर भरवसा नाही, आणि यार्डात त्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. मी मुकाट मागे सरले. तेव्हापासून ते पुकारायचे, मी लिहायची.

बाकीची लढाई स्वयंपाकघरात चालली होती. मीठ जवळजवळ बंद, पापड-लोणचं बंद, शेंगांची चटणी बिनमिठाची. सोलापूरकडच्या माणसाला शेंगांची चटणी अळणी वाढणं म्हणजे त्याचा अपमान करून वर जेवा म्हणणं. अप्पा एक बोट चाखायचे आणि चटणी छान भाजली आहे, भुसा कुठल्या गिरणीतून आणला, असं गंभीर चेहऱ्यानं विचारायचे. मीही मग भाकरी वाढताना कडबा वाढू का विचारायची. अशा कुरबुरीत आमचं बरं चाललं होतं. खरं सांगायचं तर दीड वर्षात पहिल्यांदाच मला ते घर माझं वाटायला लागलं होतं.

नवव्या दिवशी अंगात जरा तरतरी आली म्हणून अप्पा यार्डात तोंड दाखवून आले, तेही पायी. परत आले ते गुडघा धरून. गुडघा असा ठणकत होता, की त्यांना पाटावर बसवेना. मला त्यांची कळ बघवली नाही आणि मी माझ्या कंबरेसाठी आणलेली गोळी त्यांना दिली. दुखणं थांबलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ एकेक दिली. पाकीट संपल्यावर दुसरं आणलं. दुखण्याची गोळी काय, आमच्या माहेरी फोडणीच्या डब्याशेजारीच असायची.

त्यानंतरच्या आठवड्यात काहीतरी बिनसायला लागलं. अप्पा पलंग सोडून खुर्चीत झोपायला लागले. विचारलं तर आत उकडतंय म्हणाले. चपलेचा अंगठा घालताना त्यांना दोनदा थांबावं लागायचं. बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून ते नुसता हात हलवायचे, आणि बाकीचं मी समजून घ्यायची. मला भीती वाटायची, मग मी वही उघडायची. एकसष्ट. एकसष्ट. एकसष्ट. वीरेशला सांगितलं तर त्यानंही पहिलं वजनच विचारलं आणि म्हणाला, मग उगाच घोर लावून घेऊ नकोस. मीही माझ्या डोळ्यांना गप्प बसवलं. एकेचाळीस वर्षं ज्याच्या आकड्यावर बाजार चालला, त्याच्यावर अविश्वास दाखवणारी मी कोण?

विसाव्या दिवशी सकाळी पडवीतून "लाभ" असं काही ऐकू आलं नाही. मी गेले तर अप्पा मोरीपासून चार पावलांवर भिंतीला पाठ लावून बसले होते. ओठांचा रंग उडाला होता. काटा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता आणि तेवढं जाणंही त्यांना झालं नव्हतं. मी रिक्षा बोलावली, वीरेशला फोन केला आणि दवाखाना गाठला.

हिंगमिरेबाईंनी त्यांच्या पायावर अंगठा दाबला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तो तसाच राहिला. त्यांनी वही मागितली, एकोणीसच्या एकोणीस दिवस बघितले आणि अप्पांना दोघांनी धरून काट्यावर उभं केलं. काट्यानं साडेसदुसष्ट दाखवलं.

"काटा बाद हाय," अप्पा म्हणाले. एवढ्या धापेतही त्यांचा आवाज यार्डातला होता.

तोवर वीरेश येऊन पोचला होता. तो म्हणाला, अप्पा, आता वाद नको. पण अप्पा ऐकेनात. चुकीच्या काट्यावर ते उपचार घेणार नव्हते. डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरत होत्या, त्यांनी हात न थांबवता विचारलं, मग काय करू म्हणजे तुम्हाला पटेल? अप्पांनी माझ्याकडे बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, जसं पोत्याकडे बघावं तसं.

"सूनबाई चढ. चौपन्न, वर पाव."

बाहेर बाकावर दहा पेशंट बसलेले, दार उघडं, आणि मी तोवर सगळ्यांना पन्नास सांगत आलेली. पण करते काय, चढले. चौपन्न किलो दोनशे चाळीस ग्रॅम. कंपाउंडरनं ते मोठ्यानं वाचून दाखवायची काहीच गरज नव्हती, तरी त्यानं वाचलं.

अप्पांनी हात पुढे केला. काटा खरा होता, त्यांच्याच नजरेनं खरा ठरवला होता. त्यांच्या हाताला सुई टोचली, नळी लागली, तरी ते त्या काट्याकडेच बघत होते. काटा खरा म्हणजे वही खोटी, आणि वहीत अक्षर माझं होतं.

"अप्पा," डॉक्टरीणबाईंनी खाली बसून विचारलं, "तुमच्या घरच्या काट्यावर खरंच एकसष्ट भरायचं?"

"भरायचं ते येगळं," अप्पा म्हणाले. "कडता कापून एकसष्ट."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही, एक वीरेश सोडून. त्यानं कपाळावर हात मारला. कडता म्हणजे पोत्याच्या वजनातून केलेली वजावट. बारदानाचं वजन जातं, मातीचं जातं, आणि माल ओला असेल तर ओलाव्याचंही जातं. आता कायद्यानं कडत्याला बंदी आहे, पण अप्पांच्या हाताला ती पोचली नव्हती. लुंगी-बनियन वजा, उठल्यावर प्यालेलं तांब्याभर पाणी वजा, आणि दिवसेंदिवस अंग जड होत चाललं तसं तेही वजा. दवाखान्यानं एकसष्ट किलो माल म्हणून घरी पाठवला होता. त्यावर चढलं ते सगळं ओल, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ओल कोण मालात धरतो?

"मालाचं वजन लिवायचं असतंय," अप्पा म्हणाले. "पाण्याचं न्हाई."

हिंगमिरेबाईंनी वही त्यांच्यापुढे धरली. "अप्पा, मला मालाशी काही देणंघेणं नव्हतं. मला पाणीच मोजायचं होतं."

एकेचाळीस वर्षांत अप्पांचा चेहरा असा कधी पडला नसेल. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीला ती वेळ नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कोणत्या दिवशी किती कापलं ते काही आठवतं का? आठवायला कशाला हवं, मापाड्याच्या डोक्यात पुकारलेला आकडा राहत नाही, कापलेला राहतो. अप्पा डोळे मिटून सांगायला लागले. पहिले नऊ दिवस पाऊण-पाऊण. दहाव्या दिवशी सव्वा. मग पावणेदोन. सव्वादोन. तीन. साडेतीन. एकेका आकड्यामध्ये ते श्वास घ्यायला थांबत होते. सव्वाचार, पावणेपाच, सव्वापाच, पावणेसहा. काल सव्वासहा. बाई माझ्या वहीत माझ्या एकसष्टांशेजारी लाल पेनानं लिहीत गेल्या. बाराव्या-तेराव्या दिवशी मला फोन यायला हवा होता, त्या म्हणाल्या. आणखी दोन दिवस गेले असते तर मी काही करू शकले असते की नाही, सांगता येत नाही.

मग त्यांनी दहाव्या आकड्यावर पेन टेकवलं. "आधी सगळं ठीक होतं. नवव्या-दहाव्या दिवशी काय झालं? पापड? लोणचं?"

मी नाही म्हटलं. माझ्या हातची अळणी चटणी मला त्या वेळी सोन्यासारखी वाटली.

"दुसरी कुठली गोळी? गुडघ्यासाठी, कंबरेसाठी? दुखण्याच्या पुष्कळ गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात. मग आमच्या पाणी काढणाऱ्या गोळीचं काही चालत नाही."

माझा हात पर्सवर गेला. पर्समध्ये तेच पाकीट होतं, दुसरं, सहा गोळ्या उरलेलं. वीरेश माझ्या शेजारी उभा होता. अप्पांचं सगळं तुझ्याकडे, असं तो ज्या आवाजात म्हणाला होता तो आवाज मला ऐकू आला. उपसा एकीकडून पाणी काढत होता आणि दुसरीकडून मी माझ्या हातानं, सकाळ-संध्याकाळ, प्रेमानं, त्यांच्या छातीत पाणी भरत होते. मी तोंड उघडलं. सांगणार होते, हे मी आजही स्वतःला बजावते.

"मी घेतली," अप्पा म्हणाले. "यार्डापलीकडं दुकान हाय, तितनं आणली. सुनेला ठावं न्हाई."

डॉक्टरीणबाई रागावल्या. वीरेश त्यांच्याहून जास्त रागावला. एवढा शहाणा माणूस आणि चोरून गोळ्या खातो, घरात विचारायला काय झालं होतं, असं बरंच काही बोलला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात चुकीचा आकडा न पुकारलेला माणूस मान खाली घालून खोटा आळ अंगावर घेत होता, आणि मी पर्सचा बंद घट्ट धरून उभी होते. माझ्याच्यानं बोलवलं नाही. त्याची लाज मला आजही आहे.

जाताना हिंगमिरेबाईंनी एका कागदावर चालणार नाहीत अशा गोळ्यांची नावं लिहिली. घरी गेल्यावर वजन सून बघेल, जेवढं दिसेल तेवढंच लिहील, असंही त्यांनी अप्पांकडून कबूल करून घेतलं. कागद मात्र त्यांनी अप्पांच्या हातात दिला नाही, वीरेशच्याही नाही. माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा तुमच्याकडेच राहू द्या." त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना काय कळलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

दुपारी वीरेश घरून कपडे आणायला गेला. अप्पांच्या खाटेला लावलेली लघवीची पिशवी भराभर भरत होती, धाप जरा उतरली होती. मी खाटेशी बसून विचारलं, अप्पा, खोटं का बोललात?

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले.

"तुला बोल लागला असता," ते सावकाश म्हणाले, "तर उद्यापासनं मला गोळी द्याया तू भ्याली असतीस. वीरेशबी दुसरं कुणीतरी बघ म्हणला असता. मग मी कुणाच्या हातनं घेऊ? मला दुसऱ्या कुणाच्या हातनं न्हाई घ्यायची."

मी रडले. अप्पांनी रडू दिलं. मग म्हणाले, आता नाक पूस, कंपाउंडर आला तर वजन परत पुकारंल.

संध्याकाळी सिस्टर गोळ्यांची पुडी घेऊन आली आणि अप्पांपुढे धरली. त्यांनी हात पुढे केलाच नाही, नुसती मान माझ्याकडे वळवली. सिस्टरनं पुडी मला दिली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. गोळ्या ओळखीच्याच होत्या. तरी मी एकेक तपासत बसले. एक गोळी उचलावी, वेष्टणावरचं नाव वाचावं, डॉक्टरीणबाईंच्या कागदाशी ताडून बघावं, ठेवावी, पुन्हा उचलावी. तिसऱ्या गोळीला तर मी नाव चार वेळा वाचलं असेन. अप्पांनी घाई केली नाही की थट्टा केली नाही. माझं वाचून होईपर्यंत ते उशांना टेकून, डोळे मिटून, तोंड उघडून बसून राहिले.